हे कशाला लागतं?

समकालीन कलेच्या प्रदर्शनात उभं कसं राहावं हे शाळेत कोणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. हात पाठीमागे बांधायचे. चित्रापासून दोन पावलं मागे सरायचं, मान जराशी कलती करायची, मग एकदम पुढे जाऊन कोपऱ्यातल्या चिठ्ठीवरची किंमत वाचायची आणि पुन्हा, आता जास्त आदराने, मागे यायचं. मग 'हं' म्हणायचं. हा 'हं' फार कामाचा आहे. समजलं, नाही समजलं, आवडलं, घरी जाऊन विचार करतो, गाडी लावलीय तिथले पैसे वाढताहेत, असे सगळे अर्थ त्यातून एकदम निघतात. एक प्रश्न मात्र तिथे कोणी विचारत नाही.

आमच्या आत्याने विचारला. आत्या भोकरदन तालुक्यातली. सगळी हयात शेतात गेलेली. मुंबईला लेकीकडे आली होती, तेव्हा मी तिला एका कलादालनात घेऊन गेलो. भर उन्हात दुसरीकडे कुठे नेणार? तिथे गारवा होता आणि तिकीट नव्हतं. दालनाच्या मधोमध लोखंडी पलंगाचा सांगाडा उभा करून ठेवला होता. त्यावर लाल दोऱ्याचं जाळं विणलेलं होतं आणि जाळ्यात अ‍ॅल्युमिनियमचे चमचे लटकत होते. आत्या त्याच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आली आणि कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या तरुण कलावंताला तिने सरळ विचारलं, "बाबा, हे कशाला लागतं?"

दालनातले सगळे 'हं' जागच्या जागी थांबले. मुलगा भला होता. तो म्हणाला, "आजी, हे कशालाच लागत नाही. हे फक्त बघायचं."

आत्याने समजूतदारपणे मान डोलावली. "आमच्याकडं बी चमचे बांधतेत," ती म्हणाली, "पण त्यानं डुकरं पळतेत."

भोकरदनला समकालीन कलेचं प्रदर्शन भरवायचा विचार त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरला, तो अजून निघालेला नाही. ज्यांना सांगितलं ते हसले. जालना जिल्हा म्हटलं की लोकांना लोखंडी सळया, मोसंबी आणि बियाणं आठवतं. भोकरदन म्हटलं की मिरची, राजूरचा गणपती आणि निवडणूक. "कलेचा आणि भोकरदनचा संबंध काय?" असं एका स्नेह्यांनी बशीत चहा ओतता ओतता विचारलं. मी म्हटलं, संबंध आहे, पण तो सध्या इटलीत असतो.

झालं असं की १९३८ साली पॉम्पेईत उत्खनन करताना अमेदेओ मायुरी या पुरातत्त्वज्ञाला एक हस्तिदंती बाई सापडली. उंची वीतभराहून जरा जास्त. अंगावर कापड असं नाहीच, पण दागिने विचारू नका. कमरेला मेखला, गळ्यात हार, लमाणी बायांच्या असतात तशा मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या आणि पायांतही तेवढाच भार. दोन्ही बाजूंना दोन चिमुकल्या दासी, नटण्यामुरडण्याचं सामान घेऊन उभ्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पॉम्पेई राखेखाली गेलं, तेव्हा ही बाई तिथल्या एका घरात नांदत होती. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं, मग यक्षी. आधी ती मथुरेची मानली गेली. पुढे १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांच्या वतीने शां. भा. देव आणि रमेश शंकर गुप्ते यांनी भोकरदनची पांढरी उकरली. त्या वेळी जालना जिल्हाही झालेला नव्हता. भोकरदन औरंगाबाद जिल्ह्यात होतं. त्या उत्खननात मणी, नाणी, मातीच्या बाहुल्या यांच्याबरोबर हस्तिदंताची स्त्रीमूर्तीही निघाली आणि ती थेट पॉम्पेईच्या बाईची बहीण शोभावी अशी. मधुकर केशव ढवळीकरांनी मग मांडलं की पॉम्पेईवाली मथुरेची नव्हे, तिचं माहेर भोकरदन.

सगळ्या विद्वानांना हे पटलेलं नाही. मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं एक अक्षर कोरलेलं आहे, त्यावरून काही जण तिचं माहेर पार वायव्य सरहद्दीकडे नेतात. नेऊ देत. आमचं मत तालुक्याच्या बाजूने पडलेलं आहे.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. केळणा नदीच्या काठचं, सातवाहनांच्या काळातलं मोठं व्यापारी गाव. पैठणहून उत्तरेकडे जाणारे तांडे या बाजूने जात. इथली माणसं इतकी खाऊनपिऊन सुखी होती, की सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांना त्यांनी देणग्या दिल्या आणि दगडावर गावासकट आपली नावं कोरून घेतली. आज देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणगीदाराचं नाव वाचून आपण हसतो, पण ही जुनी वतनदारी आहे, दोन हजार वर्षांपूर्वीची. तो पंखा पुढे अभ्यासकांना लागेल.

त्या बाईविषयी मला सगळ्यात काय आवडत असेल, तर पुरातत्त्वज्ञांनी तिला पाहिल्यावर विचारलेला पहिला प्रश्न. तिच्या डोक्यातून आत गेलेलं एक भोक आहे. ते पाहून जगभरातले अभ्यासक दोन पावलं मागे सरले नाहीत, त्यांनी मान कलती केली नाही, 'हं' म्हटलं नाही. त्यांनी विचारलं, हे कशाला लागत असेल? कोणी म्हणालं, आरशाची मूठ. कोणी म्हणालं, छोट्या टेबलाचा पाय. ऐंशीपेक्षा जास्त वर्षं ही चर्चा चालू आहे, तिच्यावर लेख लिहून माणसं नामवंत झाली, आणि प्रश्न शब्दशः आत्याचाच आहे. फरक एवढाच की आत्याला विचारायला कलावंत समोर बसलेला होता.

आणि आज जी कला काचेच्या पेटीत आहे, ती त्या काळी समकालीनच होती की. ज्या कारागिराने ती घडवली त्याच्या दृष्टीने तो या सालचा माल होता. हस्तिदंत कुठून तरी लांबून आलेला; केळणेच्या काठाला हत्ती चरत नव्हते. शेजारच्या घरातून कोणीतरी डोकावून 'अजून तीच बाई घासतोय का?' असं विचारलं असेल. मूर्ती तयार झाली आणि बैलगाडीने निघाली. पैठण आणि तेरचा माल गाड्यांवर लादून भरुचच्या बंदरात जातो, असं त्याच काळातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात, पेरिप्लसमध्ये, लिहून ठेवलेलं आहे. तिथून गलबत, तांबडा समुद्र, इजिप्त, मग रोम. थोरला प्लिनी नावाचा रोमन लेखक या सगळ्यावर भारी चिडलेला होता. हिंदुस्थानचा माल दरवर्षी आपले पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो आणि तोही बायकांच्या चैनीपायी, असा हिशोब त्याने मांडला आहे. हाच प्लिनी व्हेसुव्हियसच्या त्याच उद्रेकात मेला. तो गेला आणि भोकरदनची बाई राखेखाली दागिन्यांसकट शाबूत राहिली, यावर मी काही बोलत नाही.

तिचं पुढचं आयुष्यही मजेदार आहे. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात एक 'गुप्त दालन' आहे. पॉम्पेईत निघालेल्या ज्या वस्तू सभ्य माणसांना दाखवता येत नाहीत, त्या तिथे. १८१९ साली तिथला राजपुत्र बायको आणि मुलीला घेऊन संग्रहालय बघायला आला, लाजला आणि त्याने हा संग्रह कुलपात ठेवायला लावला; प्रौढ वयाच्या आणि नीतिमान म्हणून लौकिक असलेल्या गृहस्थांनीच तो बघावा असं ठरलं. दालन सर्वांना खऱ्या अर्थाने खुलं झालं ते २००० साली. गंमत म्हणजे ज्या १८१९ साली तिकडे कुलूप लागलं, त्याच साली इकडे, भोकरदनहून फार लांब नसलेल्या अजिंठ्याच्या दरीत, जॉन स्मिथ नावाचा गोरा अधिकारी शिकारीला हिंडता हिंडता लेण्यांत शिरला. आपली बाई त्या गुप्त दालनाच्या यादीत आहे. भोकरदनची लेक असून तिथे तिला बघायला येणाऱ्याची आधी नीतिमत्ता तपासत, हे ऐकून तालुक्यात तिच्याविषयीचा आदर वाढेल असं मला वाटतं.

खेड्यात कलेचं काय काम, असं म्हणणाऱ्यांनी दोन ठिकाणी जाऊन यावं. एक धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं गोळा केल्या. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज तिथे उभं आहे आणि त्यातही एक हस्तिदंती बाई आहे, याच गोतावळ्यातली. दुसरं ठिकाण साताऱ्याकडचं औंध. ज्या १९३८ साली मायुरीला पॉम्पेईत बाई सापडली, त्याच साली औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उघडलं. (या सालांचे योगायोग मी जुळवत नाही, ते आपोआप जुळताहेत.) पंत स्वतः चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. त्यांच्या संग्रहालयात राजा रविवर्मा आहे आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड'ही आहे. हेन्री मूर! लंडन-न्यूयॉर्कची माणसं ज्याच्या शिल्पाभोवती दोरी बांधून लांब उभी राहतात, त्याचं दगडी माय-लेकरू माणदेशाच्या सीमेवर यमाईच्या शेजारी बसलेलं आहे आणि नवरात्रात नवस फेडायला आलेली बाई जाता जाता त्याच्याकडे बघून जाते. तिला ते कळतं का? लेकरू मांडीवर आहे एवढं कळत असावं. मूरला तरी याहून जास्त काय म्हणायचं होतं?

तेव्हा भोकरदनला प्रदर्शन भरवायचंच. आता भरवायचं काय, हा मुद्दा. इथे मला अडचण अशी आली नाहीच. उलट माल जास्त झाला.

पहिला मान साड्यांचा. रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून आमच्याकडे शेताला चारी बाजूंनी जुन्या साड्या बांधतात. मक्याच्या हिरव्या चौकोनाला गुलाबी, जांभळी, पोपटी किनार. वारा आला की सगळं शेत पदर सावरल्यासारखं करतं. या कलेला एक सामाजिक पदरही आहे. बोहारणीला डबा घेऊन दिलेली साडी दोन वर्षांनी तिसऱ्याच गावच्या सोयाबीनभोवती फडफडताना दिसते आणि एस.टी.च्या खिडकीतून तिची मूळ मालकीण ओळखते, "अगं बाई, ही तर माझ्या भावजयीनं घेतलेली!" पॅरिसमध्ये २०२१ साली 'आर्क द त्रिओंफ' ही कमान अशीच गुंडाळली होती. पंचवीस हजार चौरस मीटर रुपेरी निळं कापड, तीन हजार मीटर लाल दोर, सोळा दिवस. ही कल्पना ख्रिस्तो या कलावंताची. आदल्या वर्षीच तो वारला होता, माणसांनी ती त्याच्यामागे पूर्ण केली. त्याने आणि त्याची बायको झान-क्लोद हिने १९९५ साली बर्लिनचं संसदभवनही गुंडाळलं होतं. ते बघायला दोन आठवड्यांत पन्नास लाख माणूस लोटला. त्या कामाची कल्पना निघाली १९७१ ला आणि परवानगी मिळून कापड चढलं १९९५ ला, चोवीस वर्षांनी. कलेचा भाग सोडा, पण एका कागदासाठी चोवीस वर्षं खेटे घालणारा माणूस म्हटल्यावर ख्रिस्तोविषयी आमच्या भागात कोणाला काही समजावून सांगावं लागणार नाही. ज्याने फेरफार नोंदीसाठी चपला झिजवल्या आहेत, त्याच्या डोळ्यांत पाणी येईल.

एक गोष्ट मात्र ख्रिस्तो प्रामाणिकपणे सांगत असे, की या गुंडाळण्याचा कशालाही उपयोग नाही. इथे आमच्या साड्या त्याच्यावर मात करतात.

दुसरा विभाग ढिगांचा. चीनच्या आय वेईवेई या कलावंताने २०१० साली लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये सूर्यफुलाच्या बियांचा अवाढव्य थर पसरला होता. दहा कोटी बिया, सगळ्या चिनी मातीच्या, शेकडो कारागिरांनी एकेक करून हाताने रंगवलेल्या. लोक आधी त्यावरून चालत, पण धूळ उडायला लागली म्हणून चालणं बंद केलं. मला ते काम फार मोठं वाटतं. माणसांची गर्दी आणि त्यातला एकेक माणूस असं काहीतरी त्यात आहे. पण जालना पडला बियाण्यांचा जिल्हा. इथे दहा कोटी बियांचा ढीग दाखवला की बघणारा चिमूटभर उचलून तळहातावर घेणार आणि विचारणार, "उगवण किती टक्के?" शून्य म्हटलं की संपलं. पंचनामा, तक्रार, कृषी अधिकारी, नुकसानभरपाई. आय वेईवेईने चिनी सरकारचा त्रास सोसला आहे, पण दुबार पेरणीचा शेतकरी त्याने पाहिलेला नाही.

त्यापेक्षा पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातल्या हिरव्या मिरचीचा ढीग आहे तसा ठेवावा. हंगामात तिथे मिरचीच मिरची असते. पोती ओतली जातात, ढीग चढतात, व्यापारी मूठभर घेऊन देठ मोडून बघतो, आणि गाड्या भरून लांबलांबच्या शहरांकडे निघतात. या कलाकृतीची किंमत कोपऱ्यातल्या चिठ्ठीवर लिहिता येणार नाही, कारण ती सकाळी एक आणि दुपारी दुसरीच असते. कलाबाजारात ज्याला अस्थिरता म्हणतात ती काय, हे बघायला लंडनच्या लिलावघरातल्या मंडळींना इथे आणलं पाहिजे.

रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताचं एक काम बरेच दिवस माझ्या मनात घोळत होतं. १९६७ साली तो एका गवताळ रानात गेला आणि एकाच रेषेत पुढे-मागे, पुढे-मागे चालत राहिला. गवत दबलं, सरळ पट्टा उमटला. त्याने फोटो काढला आणि कलेच्या इतिहासात जाऊन बसला. खोटं कशाला बोलू, मला तो फोटो आवडतो. पण भोकरदनला दुसऱ्याच्या रानातून असा पट्टा पाडला तर तहसीलदारासमोर वहिवाटीचा दावा चालतो आणि दोन पिढ्या चालतो. आपल्या महाराष्ट्राशी लाँगची ओळख आहे बरं का. डहाणूजवळच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे आणि तो, दोघांचं मिळून प्रदर्शन २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला झालं. त्याआधी १९८९ ला मशे पॅरिसच्या गाजलेल्या प्रदर्शनातही होते. २०११ ला त्यांना पद्मश्री मिळाली. वारल्यांच्या घरात तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत ते लग्नासाठी, आणि लिहीत सवाष्णी. तो चौक लग्नाला लागे. त्याच्याशिवाय लग्न लागत नसे. मशे यांनी तेच चित्र कागदावर घेतलं, रोज घेतलं, पुरुष असून घेतलं, आणि ते कशालाच लागेनासं झालं तेव्हा जगाने विकत घेतलं. लागणं सुटल्याशिवाय भाव येत नाही असा काहीतरी या व्यवहाराचा नियम असावा. आरशाची मूठ निखळली, आरसा गेला, तेव्हा कुठे आमच्या बाईला काचेची पेटी मिळाली.

पण हा नियम पोळ्याला लागू पडत नाही, म्हणून पोळा मला प्रदर्शनात हवाच आहे. श्रावणी अमावस्येला भोकरदनच्या कोणत्याही गावात जा. आदल्या दिवशी खांदेमळणी झालेली असते. सकाळी बैल नदीवर नाहीतर आता बोअरच्या पाइपाखाली धुतलेले. शिंगं साळून रंगवलेली, त्यांवर बेगड, टोकांना गोंडे. अंगावर झूल, आणि झूल परवडली नाही तर पेल्याच्या काठाने उमटवलेले लाल-निळे गोल. कपाळावर बाशिंग. अलीकडे पाठीवर मजकूरही असतो. 'शेतमालाला भाव द्या', 'सरसकट कर्जमाफी'. शहरातले कलावंत राजकीय विधान करायचं म्हणून महिना महिना झुरतात. इथे ते बैलाच्या पाठीवर गेरूने दहा मिनिटांत होतं आणि वेशीतून तोरणाखालून वाजतगाजत जातं. पुढारी समोर उभे असतात, टाळ्या वाजवतात. पाठीवरचं वाचतात की नाही सांगता येत नाही. बैल चालत असतो. रात्री कलाकृतीला पुरणपोळी भरवतात. सकाळी अर्धा रंग गोठ्याच्या खांबाला लागलेला असतो. ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, त्यामुळे हल्ली काही घरी मातीच्याच बैलांची पूजा होते आणि एखादा बहाद्दर ट्रॅक्टरलाच बाशिंग बांधतो. कोणत्याही क्युरेटरला विचारा, परंपरेला नवी जोड म्हणून तो आधी ट्रॅक्टर निवडेल. मी बैल निवडतो. ट्रॅक्टर प्रदर्शन चालू असताना शेण टाकत नाही, आणि जिवंत कलेत तेवढी जोखीम पाहिजे.

अन्व्याच्या देवळावरच्या दगडी मूर्तींचे फोटो लावावेत असं एका चित्रकलेच्या सरांनी सुचवलं. देऊळ तालुक्यातलंच, कोरीव कामाने भरलेलं. पण जे जवळच साक्षात उभं आहे त्याचा फोटो कशाला, म्हणून तो विषय एका वाक्यात संपला.

खरी पंचाईत जागेची. समकालीन कलेला पांढरी, कोरी भिंत लागते. मी मनातल्या मनात सगळं गाव फिरून आलो. मंगल कार्यालयाच्या भिंती गुलाबी, वर सोनेरी मोर. जिल्हा परिषदेच्या शाळेत 'बोलक्या भिंती'. पाढे, सुविचार, महाराष्ट्राचा नकाशा, पाणी वाचवा, आणि वर्गाला बाहेरून आगगाडीच्या डब्यासारखा रंग. तिथे आपण चित्र टांगलं तर भिंतच त्याला गप्प करील. बाजार समितीच्या शेडला भिंतीच नाहीत. गावात जी एखादी कोरी भिंत दिसते तिच्यावर 'येथे जाहिरात लावू नये' असं एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलेलं असतं की ती कोरी राहत नाही.

उद्घाटनाची चिंता मला नाही, ती आपोआप होणार. चौकात फ्लेक्स लागणार. त्यावर वरच्या ओळीत मोठे चेहरे, मधे मध्यम चेहरे, खाली शुभेच्छुकांची खानेसुमारी आणि उजव्या कोपऱ्यात, छपाईवाल्याच्या फोन नंबरच्या किंचित वर, कलावंत. समई वाऱ्याने तीनदा विझणार. सत्कार दीड तास चालणार. प्रमुख पाहुणे कलेविषयी बोलायला उभे राहणार आणि रस्त्याविषयी बोलणार, जे तसं पाहिलं तर योग्यच आहे, कारण रस्ता झाला तर लोक प्रदर्शनाला येतील.

कलाकृतीशेजारी जो मजकूर लावतात तोही लिहायला घेतला होता. शहरात अशा मजकुरात 'अवकाश', 'अवशेष', 'देहभान' आणि 'विस्थापन' हे शब्द एकेकदा तरी यावे लागतात. साड्यांसाठी मी लिहिलं, 'स्त्रीदेहाच्या अनुपस्थितीतून सीमारेषेचं पुनर्वाचन.' आत्याला फोनवर वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "दवाखान्यात दाखवलं का?"

तो मजकूर रद्द केला. आता नुसतं लिहायचं ठरलंय: कोणाची साडी, कोणाचं शेत, कोणतं पीक, डुकरं आली की नाही आली. भोगवर्धनच्या लोकांनी सांचीला तेवढंच कोरलं होतं, गाव आणि नाव. ते आजही वाचता येतं.

मग तारीख बघायला बसलो. जूनमध्ये पेरणी, कोणी येणार नाही. श्रावणात उपास आणि सप्ते. गणपतीत मांडववाले मिळत नाहीत. अंगारकीला अख्खा तालुका राजूरला. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, मग कापसाची वेचणी, मग हरभरा-गव्हाला पाणी आणि ते देणारी वीज रात्री. फेब्रुवारी-मार्चात दहावी-बारावी. एप्रिल-मेमध्ये लग्नं, आणि मंगल कार्यालय तर मिळणारच नाही. मध्येच कुठलीतरी आचारसंहिता. सगळं वजा केलं तेव्हा नोव्हेंबरचा एक आठवडा हाताशी उरला. त्याच्यासाठी चुलतभावाला फोन केला आणि म्हटलं, दादा, तुझ्या शेताच्या साड्या चार दिवस लागतील, प्रदर्शनात लावायच्या आहेत.

दादा म्हणाला, "साड्या काय, ने की. पण सोयाबीन निघंस्तोवर सोडता येनार नाहीत. आन् रविवारच्या आत परत आणून दे, हरभऱ्याला बांधायच्यात."